सिस्टर, एक विचारू का? : सुईची धास्ती

(सोलापुरात महापालिकेच्या दवाखान्यांत लसीकरणाचं काम करून निवृत्त झालेल्या परिचारिका या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. या वेळचे सगळे प्रश्न मोठ्या माणसांच्या इंजेक्शनचे आहेत.)

प्रश्न : वय ४६. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (मागांवर देखरेख करणारा) आहे. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्या. पण सुई दिसली की मला घाम फुटतो, कानात शिट्टी वाजते आणि मी सरळ खाली. मागे बोट मशीनमध्ये सापडलं होतं, तेव्हा टीटी घेताना सगळ्यांसमोर पडलो. पोरं अजून "मास्तर, सुई आली" म्हणून चिडवतात. सिस्टर लोक सांगतात अंग सैल सोडा, मोठा श्वास घ्या. सैल सोडलं की मी आणखी लवकर पडतो. लस नाही घेतली तर चालेल का?

उत्तर : नाही चालणार. शुगरच्या माणसाला फ्लू आणि न्यूमोनिया दोन्ही जड जातात, त्यामुळे डॉक्टरांचं बरोबर आहे. पण तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य लाख मोलाचं आहे. सैल सोडलं की लवकर पडता, हे तुम्ही स्वतः ओळखलंत. पुष्कळ शिकल्यासवरलेल्यांना हे आजही माहीत नसतं.

बाकी कुठलीही भीती घ्या. कुत्रं मागे लागलं, लिफ्ट मध्येच अडकली. छाती धडधडते, रक्तदाब चढतो आणि चढलेलाच राहतो. माणूस पळतो, पडत नाही. सुईच्या आणि रक्ताच्या भीतीत काही जणांचं वेगळं होतं. दाब आधी चढतो आणि मग एकदम घसरतो. नाडी मंद होते, पायांतल्या शिरा सैल पडतात, रक्त खाली साचतं आणि मेंदूला क्षणभर कमी पडतं. शिट्टी, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, सगळं त्यातलंच. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. माझ्यासमोर तालमीतले पैलवान आडवे झालेत आणि त्यांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या आजीबाईंनी निवांत दंड पुढे केलाय. ही खोड बऱ्याचदा घराण्यात चालत येते. वडिलांना किंवा आत्याला विचारून बघा, कुणीतरी निघेल.

दाब घसरतो हा रोग, तर दाब वर ठेवणं हा उपाय. म्हणून तुम्ही अंग सैल सोडायचं नाही, आवळायचं. लार्स-योरान ओस्ट नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात ही रीत बसवली आणि आज जगभर तीच शिकवतात. आधी घरी सवय करा. खुर्चीवर बसायचं. दोन्ही मुठी, दंड, पोट, मांड्या, पोटऱ्या, सगळं एकदम घट्ट आवळायचं. श्वास कोंडायचा नाही, तो चालू ठेवायचा. दहा-पंधरा सेकंदांत चेहऱ्यावर ऊब आल्यासारखं वाटतं. ती आली की सोडायचं, पण गळून बसायचं नाही, फक्त नेहमीसारखं व्हायचं. वीस-तीस सेकंद थांबून पुन्हा आवळायचं. असं पाच वेळा. पाळी सुटून घरी आल्यावर रोज एकदा केलंत तर आठवड्याभरात अंगवळणी पडेल.

दवाखान्यात नंबर आला की बसल्या जागी आवळायला सुरुवात करा. सुई टोचताना मात्र ज्या दंडात घ्यायची तो हात सैल हवा. आवळलेल्या स्नायूत टोचलं तर जास्त दुखतं. दुसऱ्या हाताची मूठ, पोट आणि पाय घट्ट ठेवा. हे एका वेळी जमायला थोडा सराव लागतो, म्हणून तर घरी करायला सांगितलं. तुमच्या शुगरला जोडीला बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर आवळण्याआधी डॉक्टरांना विचारा. नको म्हणाले तर आडवं होऊन घ्या. आडव्या माणसाला पडायला जागाच नसते. "मला भोवळ येते, झोपून घेतो" एवढं आत शिरल्या शिरल्या सांगायचं, सिरिंज भरून झाल्यावर नाही. यात लाज कसली? आम्हाला पडलेला माणूस उचलण्यापेक्षा झोपलेल्याला टोचणं कितीतरी सोपं.

उपाशी जाऊ नका. लसीला उपाशीपोटी लागत नाही, हा रक्त तपासणीचा नियम लोकांनी उगीच इथे आणलाय. त्यात तुमच्या शुगरच्या गोळ्या. गोळी घेऊन उपाशी आलात तर साखर उतरून भोवळ येईल आणि नाव सुईचं होईल. भाकरी खाऊन, पाणी पिऊन या. फ्लूची लस पावसाळ्याआधी घेतलेली बरी, म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मे. त्या दिवसांत सात रस्त्यापासून चालत आलेला धडधाकट माणूससुद्धा गरगरतो, तेव्हा सकाळी लवकर गाठा.

दोन्ही लसी एकाच दिवशी दोन दंडांत घेता येतात. न्यूमोनियाची जरा जास्त ठणकते, म्हणून ती शेवटी द्यायला सांगा. पहिलीच जास्त दुखली तर दुसरीच्या वेळी माणूस आधीच ताठतो. नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसायचं, तुम्ही आणखी थोडा वेळ. बहुतेक लोक पडतात ते याच पंधरा मिनिटांत, आणि तेसुद्धा कुठे? जिन्यात नाहीतर गाडीला किक मारताना. गाडी कुणाला तरी चालवू द्या.

तरी पडलात तर सोबतच्या माणसाला आत्ताच सांगून ठेवा : सपाट झोपवायचं, पाय वर उचलायचे, गर्दी हटवायची. कांदा नाही, चप्पल नाही. आणि धरून बसवायचं तर मुळीच नाही. मिनिटाभरात शुद्ध येते. आली नाही तर आतल्या डॉक्टरांना हाक मारायची.

ता.क. : टीटी आता टीडी झालंय, त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचीही लस असते. मशीनवर काम करता, तर शेवटचं कधी घेतलं ते बघून ठेवा.

प्रश्न : आमच्या सासूबाईंना (वय ६२) दारातच गल्लीतलं कुत्रं चावलं. पोटरीवर दात लागलेत, रक्त आलं. जखमेवर मिरचीपूड लावून बसल्या आहेत आणि दवाखान्यात यायला तयार नाहीत. म्हणतात, "पोटात चौदा सुया घेण्यापेक्षा मेलेली बरी." त्यांच्या भावाने लहानपणी घेतल्या होत्या म्हणे. काय करू?

उत्तर : हे पत्र बघताच संपादकांनी तुम्हाला फोन केला आणि सासूबाईंची पहिली सुई त्याच संध्याकाळी झाली, हे कळलं. बरं वाटलं. बाकीच्यांसाठी इथे पुन्हा सांगते, कारण ही पोटातल्या चौदा सुयांची भीती आमच्या पिढीत इतकी मुरलीय की नातवंडांनाही वारशाने मिळालीय.

सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. ती लस खरोखरच होती. मेंढीच्या मेंदूपासून करायचे, १९११ च्या सुमारास हिमाचलमधल्या कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी ती तयार केली होती. डोस मोठा, म्हणून पोटाच्या कातडीखाली बेंबीच्या आजूबाजूला रोज एक. गाठी यायच्या, कधी मज्जातंतूंना अपाय व्हायचा. पण भारतात ती २००४ च्या अखेरीस बंद झाली. आज कोणत्याही दवाखान्यात पोटात सुई देत नाहीत. ज्याने ती भोगली त्याच्यावर हसू नका. "तुमचं खरं होतं मामा, पण ती लस आता नाही" असं म्हणा. म्हातारी माणसं वादाला बधत नाहीत, आपलं खरं मानलं की मग पुढचं ऐकतात.

आता सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी दोन्ही दंडांवर कातडीच्या आत थेंबभर लस देतात, एका जागी ०.१ मिलि. त्या दिवशी (तो शून्य धरायचा), मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, अशा चार खेपा. खाजगीत स्नायूत देतात, त्याच्या पाच खेपा : ०, ३, ७, १४ आणि २८. कातडीतली सुई जेमतेम टोक शिरेल इतकीच आत जाते. मसूरडाळीएवढा फुगा येतो, थोडं चुरचुरतं आणि काही मिनिटांत फुगा बसतो.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. रक्त आलेलं असेल तर लसीबरोबर जखमेत आणि जखमेच्या कडेने सीरम (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) भरावं लागतं. ते दुखतं. पोटरीवर सोसेल, बोटाच्या टोकावर डोळ्यांत पाणी येतं. घरच्यांनी "काही नाही, मुंगी चावेल" असं सांगून आणलेलं माणूस तिथे फसवल्यासारखं होतं आणि तिसऱ्या दिवशीची खेप चुकवतं. त्यापेक्षा सरळ सांगा : आज एकदाच जास्त दुखेल, पुढच्या खेपा सोप्या. रेबीज एकदा उमटला की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, इतकं धडधडीत सत्य समोर असताना गोड बोलून फसवायची गरज नाही.

मिरचीपूड, चुना, हळद, तेल काही लावायचं नाही. लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं हे मान्य, पण बादली-तांब्याने सतत धार धरली तरी चालते. घट्ट पट्टी बांधायची नाही. आणि या लसीसाठी पथ्य नाही, ना वांग्याचं ना शेंगाचटणीचं.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, घर सोलापूरला. हेपटायटिस बीचे तीन डोस घ्यायचे आहेत. कातडी बधिर करायचं मलम मिळतं असं वाचलं. घेण्याआधी पॅरासिटामोल खाल्ली तर?

उत्तर : मलम मिळतं. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन असलेलं. सुईच्या आधी तासभर दंडावर जाड थर लावून वर प्लॅस्टिक चिकटवून ठेवायचं. बोट फिरवून चोळलं आणि रिक्षात बसलात, तर उपयोग शून्य. कातडी बधिर होते, आतला स्नायू नाही. म्हणजे टोचणं कळत नाही, पण लस आत जाताना दाब जाणवतो. लसीच्या कामात त्याने अडथळा येत नाही. गरोदर असाल, जी-६-पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमचा दोष असेल किंवा मेथेमोग्लोबिनची (रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते ती) तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. आणि दंडावर नेमकं कुठे लावायचं ते पहिल्या डोसच्या वेळी सिस्टरना पेनाने खूण करून घ्या, नाहीतर बहुतेक जण कोपराजवळ लावून येतात.

पॅरासिटामोल आधी नको. लहान मुलांत आधी दिलेल्या गोळीने लसीचा प्रतिसाद थोडा कमी पडल्याचं दिसलं आहे. नंतर ताप किंवा ठणका आला तर खुशाल घ्या. डोस ०, १ आणि ६ महिने असे असतात. तिसरा सगळे विसरतात. तो जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घरी याल तेव्हा पडेल असा हिशेब करून पहिला घ्या, म्हणजे जुलैत.

प्रश्न : सिस्टर, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले, नुकतीच लागलेय. लहान मुलांचं सांभाळता येतं. पण मोठी माणसं घाबरली की काय बोलावं तेच सुचत नाही. पूर्व भागात ड्युटी आहे, निम्मे पेशंट तेलुगू बोलतात.

उत्तर : बाळ, तुझ्या पत्राने सर्वांत आनंद झाला. तुला थोडं सविस्तर लिहिते.

"काही दुखत नाही" म्हणायचं नाही. दुखलं की तुझा शब्द गेला. "अहो, केवढे मोठे तुम्ही" हे तर तोंडातून काढायचंच नाही. जे होणार ते साध्या आवाजात सांगायचं : "आता पुसते. आता टोचते." एक-दोन-तीन म्हणून दोनलाच टोचायची जी चलाखी जुने लोक करायचे, तिने माणूस पुढच्या वेळी 'एक'लाच आखडतो. बघायचंय की नाही, हे त्यालाच विचार. पुष्कळांना नजर वळवलेली बरी वाटते, पण काहींना दिसलं नाही तर जास्त भीती वाटते. ट्रे मात्र पेशंटच्या पाठीमागे ठेव. सुईचं टोपण त्याच्या डोळ्यांसमोर काढत बसू नको.

आता हाताचं काम. स्पिरिट लावलंस तर ते सुकू दे, ओल्यावर टोचलं की चुरचुरतं आणि बदनाम होते लस. कुपी हातात चोळून गरम करायची गरज नाही. सुई ठरलेल्या मापाची, नव्वद अंशात, एका दमात. लसीसाठी दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का बघणं आता करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणातल्या वेदनेवर जी भूमिका मांडली, तिच्यातच हे आहे. मागे ओढताना सुई आत जास्त वेळ राहते आणि हलते, दुखतं ते त्याने. पेशंटला सरळ बसव. तू पण बसून टोच. उभं राहून टोचलं की हात आपोआप वर जातो आणि सुई खांद्याच्या सांध्याजवळ शिरते, मग महिनोन्महिने हात वर होत नाही. खांद्याचं हाड बोटाने चाचप, तिथून दोन-तीन बोटं खाली यायचं. टोचण्याआधी त्या जागी अंगठ्याने दहाएक सेकंद दाबून धर. फुकटचा उपाय आहे, आणि मोठ्या माणसांना त्याने कमी दुखतं.

आता पुस्तकात नसलेलं. ब्लाऊजची बाही. आपल्याकडच्या बायकांच्या बाह्या दंडाला इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की वर सरकवली की तिचा दोर होतो. दंड आवळला जातो, जागा हवी तिथे मिळत नाही, आणि बाई दुखण्याला घाबरलीय की चारचौघांत खांदा उघडा करायला, हे कळत नाही. मला तर वाटतं, बायकांची निम्मी भीती पडद्याने जाते. चादरींचं गाव आपलं, एक चादर दोरीवर टाकायला काय लागतं? बुरख्यातल्या बायकांना पण तेच. आणि रांगेतल्या लोकांना टेबलाकडे तोंड करून बसवू नको. एक जण पडला की बघणारे दोन आणखी पडतात, हे मी कॅम्पमध्ये पाहिलंय. जो फार घाबरलाय त्याला आधी घे. ताटकळण्यात भीती दुप्पट होते.

भाषेचं विचारलंस. व्याकरण नको, शेवटचा शब्द शिक. तेलुगूत "अइपोइंदी", कानडीत "आयतु", मोहल्ल्यात "हो गया". सुई बाहेर आली रे आली की हा शब्द लगेच कानावर पडला पाहिजे. विडी वळणाऱ्या बायका खाली मान घालून बसायच्या, "अइपोइंदी" म्हटलं की मान वर करून आधी माझ्याकडे आणि मग दंडाकडे बघायच्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, हे मात्र प्रत्येकाला त्याला कळेल त्या भाषेत विचारायचंच. असतील तर बारीक सुई घे आणि नंतर न चोळता दोन मिनिटं घट्ट दाबून धर.

प्रश्न : आम्ही उभयता हजला चाललो आहोत. मेंदूज्वराचं इंजेक्शन सक्तीचं आहे. मला काही वाटत नाही, पण आमच्या मंडळींनी बाळंतपणानंतर सुई घेतलेली नाही, रात्र-रात्र झोप नाही. आणि नंतर हात किती दिवस दुखतो? सामान उचलायचं आहे.

उत्तर : ते इंजेक्शन सौदीत पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी व्हावं लागतं. म्हणून हजच्या लसीकरण कॅम्पच्या शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. पोलिओचा डोस तोंडातून, थेंब असतात, हे त्यांना आधीच सांगा, नाहीतर दोन सुयांच्या काळजीत बसतील. तुम्ही आधी घेऊन दाखवायच्या भानगडीत पडू नका, त्यांचा नंबर आधी लावा आणि तुम्ही शेजारी बसा. टोचताना त्यांनी हळूहळू लांब फुंकर सोडत राहायचं. वर जॉबर मास्तरांना सांगितलेलं आवळणं फक्त भोवळ येणाऱ्यांसाठी. ज्यांची नुसती छाती धडधडते त्यांनी सैल बसायचं. तुमच्या मंडळींना आधी कधी भोवळ आली होती का, एवढं विचारून घ्या, त्यावर कोणता मार्ग ते ठरेल.

हात एक-दोन दिवस दुखतो. चोळायचं नाही, बाम नाही, गरम शेक नाही. गार पाण्याची घडी ठेवा आणि हात हलता ठेवा, रोजची धुणीभांडी चालतील. ज्या हाताने बॅग उचलतात त्याच्या उलट्या हातात घ्यायला सांगा. आठवडा गेला तरी हात वर जात नसेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. लसीचा कागद मात्र बॅगेत नको, पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.